जावयाची टाच

मास्तर चाळीस वर्षं घोड्यांना चाल आणि माणसांना घोडा शिकवत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांची बोलणी न खाल्लेला माणूस त्या आवारात उरला नव्हता. नालबंद, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, गवताचा ट्रक आणणारा, रायडिंग स्कूलचा सेक्रेटरी, सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी फैलावर घेतलं होतं. यात राग फारसा नसायचा. शिकवणं म्हणजे वेळेवर ओरडणं, असं त्यांचं साधं मत होतं. अर्धा सेकंद उशीर झाला की ते नुसतं रागावणं होतं, आणि त्याचा ना माणसाला उपयोग ना घोड्याला.

अपवाद दोनच. एक बायको, कारण लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकदा करून पाहिलं होतं. दुसरा जावई, कारण तो जावई होता.

गंमत अशी की हा जावई आधी त्यांचाच विद्यार्थी. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. तिशीला टेकल्यावर कुठून तरी त्याच्या डोक्यात घोडा शिरला आणि तो रोज सकाळी सहाला रिंगणाच्या फाटकाशी येऊन उभा राहू लागला. मास्तरांनी त्याला दोन वर्षं मनसोक्त झापलं. गधड्या, दगडा, पोत्या, अशी त्याची वारानुसार नावं होती. त्या दोन वर्षांत तो नऊ वेळा पडला आणि इतरांच्या दुप्पट शिकला. मग मास्तरांची लेक, जी पोस्टात खिडकीवर बसायची, तिने एका संध्याकाळी घरी सांगितलं की मी त्याच्याशी लग्न करणार आहे. मास्तर म्हणाले, "कुणाशी? पोत्याशी?" लेक म्हणाली, "हो."

लग्न ठरलं त्या दिवसापासून मास्तरांच्या तोंडातलं 'अरे' गेलं आणि 'अहो' आलं. पोत्याचे जावईबापू झाले. जोडपं मास्तरांकडेच राहिलं, कारण तबेल्याला लागून असलेल्या त्यांच्या घरात तीन खोल्या होत्या, आणि दुकानामागची जावयाची खोली एका माणसाला उभं राहण्यापुरतीच होती. म्हणजे घरजावई. हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही, पण बाहेर लोक होतेच. त्याला कधी मिंधं वाटू नये म्हणून मास्तर तळहातावरच्या फोडासारखे त्याला जपायचे. जेवायला पहिलं ताट त्याचं. चहा त्याला सोनेरी काठाच्या कपात, जो पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेला असायचा. बाकीचं घर टवके उडालेल्या मगांतून चहा प्यायचं. जावई सहा वर्षं त्या कपातून चहा पीत होता, आणि सहा वर्षं तो फुटेल म्हणून जीव मुठीत धरून बसत होता.

यंदा मास्तरांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. सेक्रेटरीने रीतसर कागद आणून दिला. वर्षाअखेर निवृत्ती. त्यांच्या जागी शिक्षकाचं सर्टिफिकेट असलेला माणूस लागेल. जावयाने परीक्षा दिली आणि तो पास झाला तर जागा त्याची. नाही झाला तर बाहेरचा माणूस येईल, आणि घर ज्याची जागा त्याचं. हे सांगताना सेक्रेटरी एक पाऊल मागे सरकला होता, पण मास्तर त्याला काही बोलले नाहीत. पहाटे जाग आल्यावर भिंतीपलीकडून खूर आपटल्याचा आवाज आला नाही तर उठायचं कशासाठी, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांना चक्क भीती वाटत होती.

लेकीचा प्रश्नच नव्हता. ती सहाव्या वर्षी घोड्यावर बसली होती आणि अठराव्या वर्षी उतरली ती उतरलीच. "बारा वर्षं ओरडा खाल्लाय मी," ती म्हणायची. "पोस्टातही लोक ओरडतात, पण मध्ये काच आहे."

परीक्षेतलं सगळं जावयाला येत होतं. एकच गोष्ट अडली होती, ती म्हणजे कँटरमध्ये पाय बदलणं.

कँटर म्हणजे दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल. तिच्यात घोडा पुढचे दोन पाय सारखे टाकत नाही. एक पाय दर उडीत दुसऱ्याच्या पुढे पडतो. डावीकडे वळायचं तर डावा पुढे हवा, उजवीकडे वळायचं तर उजवा. उलटा पाय पुढे असेल तर वळणावर घोडा असा पळतो की वर बसलेल्याला वाटावं, आपण तीन पायांच्या स्टुलावर बसलोय. म्हणून दिशा बदलली की पाय बदलायचा. आणि तोही न थांबता, चालता-चालता. दर उडीत एक क्षण असा येतो की चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. तेवढ्यात घोड्याने पाय बदलायचा, पुढचेही आणि मागचेही. स्वाराने करायचं ते अगदी थोडं. उजव्यावरून डाव्यावर यायचं तर उजवी टाच पोटाखालच्या तंगाच्या जरा मागे न्यायची, हलकेच दाबायची आणि खाली बघायचं नाही. एवढंच. या एवढ्यात माणसांची वर्षं जातात.

जावयाची उजवी टाच मागे जाण्याऐवजी वर जायची, आणि कुठला पाय पडतोय हे बघायला तो मान खाली घालायचा. भिंगं घासणाऱ्याची सवय. डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

घोडा होता कारकून. कागदावर त्याचं नाव मोठं होतं, पण ते कुणाला आठवत नसे. उंच, करड्या रंगाचा, लांब तोंडाचा. सांगितलेलं काम करायचा, न सांगितलेलं करायचा नाही. पंचेचाळीस मिनिटं झाली की फाटकाशी जाऊन उभा राहायचा, आणि त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसायचा. एकदा एखादी पद्धत पडली की ती का पडली असं त्याने कधी विचारलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी जावई कारकुनावर बसून रिंगणात आला, टाच वर, मान खाली. मास्तरांच्या तोंडात शब्द तयार होता. तो त्यांनी ऐनवेळी गिळला. गिळताना घसा खाकरला गेला. आणि उरलेलं वाक्य वाया जाऊ नये म्हणून ते घोड्याला उद्देशून म्हणाले, "कारकुना, टाच कुठे चाललीय तुझी?"

जावयाने टाच खाली घेतली. मास्तरांना ही सोय फार आवडली. जावयाचा मानही राहतो आणि शिकवणंही होतं. तेव्हापासून सहा वर्षं रिंगणात सगळं बोलणं कारकुनाने खाल्लं. "कारकुना, खाली काय बघतोस, काही हरवलंय का?" "कारकुना, बसलायस की वाळत घातलंय तुला?" प्रत्येक वाक्याआधी मास्तर एकदा खाकरायचे, कारण प्रत्येक वाक्याआधी एक शिवी गिळावी लागायची. कारकून कान मागे करून सगळं ऐकून घ्यायचा.

गेल्या वर्षी पाय बदलण्याचे धडे सुरू झाले. मास्तर रिंगणाच्या मधोमध उभे राहायचे. जावई इंग्रजी आठचा आकडा काढायचा, आणि जिथे एक वर्तुळ संपून दुसरं सुरू होतं तिथे पाय बदलायचा प्रयत्न करायचा. टाच वेळेवर हलायची नाही, मास्तर खाकरायचे, मग म्हणायचे, "कारकुना, बदल की." सात-आठ महिने काही झालं नाही. मग एका सकाळी झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं. महिन्याभरात कारकून आठच्या प्रत्येक आकड्यात पाय असा बदलायला लागला की बघत राहावं. जावयाचा चेहरा उजळला. मास्तरांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, "आता घर सोडावं लागत नाही."

परीक्षेला महिना उरला असताना मास्तरांना सर्दी झाली.

त्या सकाळी ते मफलर गुंडाळून रिंगणाच्या मध्ये खुर्ची टाकून बसले. जावयाला म्हणाले, "आज आठचा आकडा नको, नुसतं डावीकडे गोल फिरवा." जावई डाव्या पायावर कँटर करत गोल फिरू लागला. मास्तर खोकले. कारकुनाने पाय बदलला आणि डावीकडच्या वर्तुळावर उजव्या पायाने पळू लागला. जावई गडबडला. मास्तर पुन्हा खोकले. कारकून परत डाव्यावर. मग मास्तरांना खोकल्याची उबळ आली, आणि घोडा नाचातल्यासारखा पाय बदलत गेला, डावा, उजवा, डावा, उजवा, खोकला थांबेपर्यंत.

"आज फारच उत्साहात आहे," जावई वरून म्हणाला.

मास्तर खुर्ची उचलून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरं वाटत नसल्याचं सांगितलं आणि खोगिरांच्या खोलीच्या खिडकीआड उभे राहिले. जावई आठचे आकडे काढत होता. टाच वर, मान खाली. कारकून उलट्या पायावर मजेत वळत होता. तीन आकडे झाले, एकदाही पाय बदलला नाही. मास्तर खिडकीआडून हळूच खाकरले. कारकुनाने हवेत पाय बदलला, पुढचे आणि मागचे, अगदी पुस्तकात असतो तसा. त्यानंतर अर्ध्या उडीने जावयाची टाच पोचली.

म्हणजे घोड्याने वर्षभर जावयाचं काही ऐकलंच नव्हतं. त्याने मास्तरांचं गिळणं ऐकलं होतं.

हे जावयाला सांगायला हवं होतं. आणि सांगायचं म्हणजे काय? जावईबापू, जे तुम्हाला येतं असं तुम्हाला वाटतं ते तुम्हाला येत नाही, आणि जे होतं ते माझ्या घशामुळे होतं. मास्तरांनी पहिल्या दिवशी प्रयत्न केला. "जावईबापू," ते म्हणाले, "घोडा आपलं ऐकतो, यात वाद नाही. पण माझं जरा आधी ऐकतो." जावई म्हणाला, "तुमच्याच हाताखाली तयार झालाय ना." दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आपली टाच उत्तम आहे, फक्त ती आणखी उत्तम होऊ शकते." जावई म्हणाला, "धन्यवाद." तिसऱ्या दिवशी मास्तरांनी सांगायचा नाद सोडला आणि दुसरा विचार सुरू केला.

"परीक्षेला मी कठड्याशी उभा राहीन," ते बायकोला म्हणाले. "बाहेरून बोलायला बंदी आहे. खाकरायला बंदी आहे असं कुठे लिहिलेलं नाही."

बायको कपडे घड्या घालत होती. "आणि नंतर?"

"नंतर काय?"

"नंतर त्याने लोकांना शिकवायचं, आणि तुम्ही मरेपर्यंत कठड्याशी खाकरत उभं राहायचं. आणि मेल्यावर?"

बायकोने उशीचे अभ्रे त्यांच्या हातात दिले आणि तेही घड्या घालायला लागले.

चौथ्या दिवशी सकाळी जावयाने तीन आकडे काढले. मास्तरांनी सवयीने तीनदा शिवी गिळली आणि कारकुनाने तीनदा पाय बदलला. जावई घोडा थांबवून मास्तरांसमोर आला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि उजवी टाच अजून वरच होती.

"बाबा," तो म्हणाला, "मला वाटतं आता जमलं. परीक्षेत काही अडचण येऊ नये."

मास्तर खाकरायला गेले. पण या वेळी गिळायचं राहून गेलं.

"तुला काडीचंही जमलेलं नाही, गधड्या," ते म्हणाले.

पाण्याच्या नळाशी उभा असलेला मोतद्दार बादली भरून वाहू लागली तरी नळ बंद करायचा विसरला. मास्तर स्वतःच दचकले होते. शब्द परत घेता येतो का, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं होतं. कारकून मात्र निवांत उभा होता. गधड्या हे काही त्याचं नाव नव्हतं.

"काय नाही जमलेलं?" जावयाने विचारलं.

"पाय बदलणं. घोडा माझ्या खाकरण्यावर पाय बदलतो. तुझी टाच पोचते तोवर त्याचं काम उरकलेलं असतं. तू नुसती सही करतोस. कागद कधीच पुढे गेलेला असतो."

जावयाने मान खाली घातली. या वेळी पाय बघायला नव्हे.

"कधी कळलं तुम्हाला?"

"चार दिवस झाले."

"आणि बोलला नाहीत?"

"जावई आहेस तू माझा."

जावयाने लगाम घोड्याच्या मानेवर टाकला. "बाबा, एक सांगू? लग्नात मला बायको मिळाली आणि मास्तर गेले. सहा वर्षं तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. घोड्याशी बोलता. मोतद्दाराला ओरडता, सेक्रेटरीला ओरडता. मला वाटायचं, माझ्यावर ओरडण्याचीही तसदी घ्यावी असं तुम्हाला वाटत नाही. पोरीखातर सांभाळून घेताय."

मास्तरांना फार वाईट वाटलं. सहा वर्षं जो मान म्हणून ते देत होते, तो समोरच्याला टोचत होता, आणि दोघांपैकी एकानेही चकार शब्द काढला नव्हता. वाईट वाटलं की काय बोलायचं, हे त्यांना कधी शिकवलेलं नव्हतं. म्हणून ते ओरडले.

"टाच खाली!"

टाच खाली गेली.

"आणि वर बघ. झाडाच्या शेंड्याकडे. खाली वाळू आहे, कालही वाळूच होती. चल, कँटर."

पुढची चाळीस मिनिटं मास्तरांनी सहा वर्षांचं साठलेलं एकदाच बोलून घेतलं. पोत्या, दगडा, ठोंब्या. टाच वर नाही, मागे. मागे म्हणजे पाठीवर नाही. खांदे काय टांगून ठेवलेत का. जावयाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो हसतही होता, आणि त्याची टाच दर फेरीला बोटभर मागे सरकत होती. पंचेचाळीस मिनिटं भरल्यावर कारकून नियमाप्रमाणे फाटकाशी गेला. त्या दिवशी तो एकटाच वेळेवर थांबला. जावई त्याला परत फिरवून आणखी दहा मिनिटं झापून घेत होता.

आता दोन कामं होती. जावयाला टाच शिकवायची आणि कारकुनाला खोकला विसरायला लावायचा. पहिलं सोपं होतं, कारण त्यात नुसतं ओरडायचं होतं. दुसऱ्यासाठी मास्तरांनी असं ठरवलं की टाच नसताना खोकायचं, आणि घोड्याने पाय बदलला की त्याला थांबवून, चालवून, पुन्हा पहिल्याच पायावर कँटर धरायची. खोकल्यात काही अर्थ नाही हे त्याच्या डोक्यात बसेपर्यंत. एका माणसाचा घसा याला पुरेना. मग बायको आली. पोस्टातून सुटल्यावर लेकही आली. मोतद्दाराला कधी नव्हे ते आवाज करायची परवानगी मिळाली. रोज संध्याकाळी चौघं कठड्याच्या चार बाजूंना उभे राहून खोकायचे, आणि मध्ये जावई, काही न ऐकल्यासारखा, कारकुनाला एका पायावर धरून ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी आला. सभासदांमध्ये चर्चा आहे, म्हणाला, की मास्तरांच्या घरी काहीतरी साथ पसरलीय. मास्तर त्याच्यावर असे ओरडले की जावयाला बरं वाटलं. आपल्याला मिळतं ते इतरांच्याच बरोबरीचं आहे, याची त्याला खात्री पटली.

लेकीने एकदा नवऱ्याला विचारलं, "तुला खरंच आवडतं हे?"

"तुझ्याकडे काच आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे कप होता."

बारा दिवसांनी कारकुनाने पहिल्यांदा खोकल्याकडे दुर्लक्ष केलं. पंधरा दिवसांनी सगळ्या खोकल्यांकडे. मग त्यांनी आठचा आकडा पुन्हा सुरू केला, आणि दोन दिवस काहीच झालं नाही, कारण जुना हुकूम रद्द झाला होता आणि नवा अजून हातात पडला नव्हता. तिसऱ्या दिवशी जावयाने झाडाच्या शेंड्याकडे बघत उजवी टाच तंगाच्या मागे नेली आणि हलकेच दाबली. कारकुनाचा कान वळला. एक उडी तशीच गेली. पुढच्या उडीत पाय बदलला. मास्तर तोंडावर हात दाबून उभे होते, म्हणून त्यांना नक्की ठाऊक होतं की हे त्यांचं काम नव्हे.

परीक्षा दुसऱ्या गावच्या रिंगणात होती. अनोळखी वाळू, अनोळखी कठडा. परीक्षक बाई ठेंगण्या, टोपी घातलेल्या, मांडीवर वही घेऊन टेबलाशी बसलेल्या. स्वतःवर भरवसा नसल्याने मास्तरांनी फाटकाबाहेरच्या पाण्याच्या टाकीआड उभं राहायचं ठरवलं. खिशातला हातरुमाल काढून त्यांनी तोंडात कोंबला. शेजारी लेक होती. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

पहिला अर्धा भाग नीट झाला. मग जावई कोपऱ्यातून वळला आणि रिंगणाच्या एका टोकाकडून समोरच्या टोकाकडे तिरपा, उजव्या पायावर कँटर करत निघाला. मध्यावर पाय बदलायचा होता. मध्याला अजून तीन उड्या बाकी असताना परीक्षक बाई खाकरल्या.

त्यांनाही सर्दी होती. मास्तरांनी लेकीचं मनगट धरलं. त्यांना टाकीआडून कारकुनाचा उजवा कान दिसत होता, आणि तो कान टेबलाकडे वळला. वर्षभराची सवय आणि पंधरा दिवसांची शिकवण त्या कानात एकमेकींसमोर उभ्या होत्या. बाई दुसऱ्यांदा खाकरल्या, जरा मोठ्याने. एक उडी, उजव्या पायावर. दुसरी, उजव्याच. तिसरी. कान वळला, आता मागे, जावयाकडे. जावयाचं तोंड वर होतं. त्याची टाच मागे गेली, आणि कारकून चारही पाय हवेत असताना डाव्यावर आला.

मास्तरांनी रुमाल तोंडातून काढला आणि त्यानेच डोळे पुसले. हे लेकीने पाहिलं. दुसऱ्या तिरप्या रेषेवर मागचे पाय एक उडी उशिरा बदलले, तिथे गुण कापले गेले. मास्तरांना ते टाकीआडूनही दिसलं होतं.

बाईंनी वही मिटली आणि निकाल सांगितला. पास. मग त्या मास्तरांकडे आल्या. "शेवटचा बदल मागून उशिरा झाला," त्या नाक पुसत म्हणाल्या. "उजवी टाच अजून थोडी उचलतात. हे तुमचे कोण?"

सहा वर्षं या प्रश्नाला मास्तरांचं 'जावई' हे उत्तर ठरलेलं होतं. "विद्यार्थी," ते म्हणाले.

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मास्तरांनी आधी भिंतीपलीकडे जाऊन कारकुनाला त्याच्या जागी बांधलेलं पाहिलं, मग आत आले. बायकोने चहा ठेवला होता. आज तर मोठाच दिवस, म्हणून तिने कपाट उघडून सोनेरी काठाचा कप काढला, पुसला आणि जावयासमोर मांडला.

"तो ठेव आत," मास्तर म्हणाले. "तो पाहुण्यांचा आहे."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. लेक खिडकीकडे तोंड करून हसली. जावई उठला, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेला सगळ्यात जास्त टवके उडालेला मग घेऊन आला, आणि त्याने तो पुढे केला. मास्तरांनी स्वतः त्यात चहा ओतला, काठोकाठ, थोडा टेबलावर सांडलासुद्धा. जावई खुर्चीत रेलून बसला आणि घोट घ्यायला लागला.

"दुसरा बदल मागून उशिरा झाला," मास्तर म्हणाले. "उद्या सहाला रिंगणात ये. आणि प्यायलास की तो मग विसळून ठेव."

"हो, मास्तर," जावई म्हणाला.